मधला बांबू

पूर ओसरायला लागला तशी मुरारीला भीती वाटू लागली. पूर चढत होता तेव्हा भ्यायला सवड नव्हती. म्हातारीला, बायकोला आणि जाळ्यांना धीवरटोलीतून उचलून वरच्या शाळेत नेऊन टाकेपर्यंत दिवस मावळला होता. आता पाणी उतरत होते, लोक हसू लागले होते, सरपंच धनीराम सकाळ-संध्याकाळ नाल्यावर येऊन "उतरून राहिलं, उतरून राहिलं" असे, जणू आपणच उतरवत आहोत अशा थाटात सांगत होता. आणि मुरारीच्या घशाखाली भाकर उतरत नव्हती.

पिंपळटोली तुमसरपासून फार लांब नाही. पण मध्ये नाला आडवा येतो. या नाल्यावर पूल व्हायचा आहे. तो दर निवडणुकीत व्हायचा असतो. तोवर सरकारने एक रपटा बांधून दिला होता. रपटा म्हणजे नाल्याच्या तळावर टाकलेला दगडी रस्ता. उन्हाळ्यात त्याच्यावरून बैलबंड्या जातात, पावसाळ्यात नाला जातो. वैनगंगा फुगली की तिचे पाणी उलटे नाल्यात शिरते आणि रपटा कुठे आहे हे फक्त माशांना आणि धीवरांना कळते. त्यातून या रपट्याला बरोबर मध्ये एक वळण होते. सरळ गेला असता तर तो धनीरामच्या काकाच्या धानाच्या बांधीतून बाहेर पडला असता, म्हणून इंजिनियरने तो तिथे वळवला होता.

म्हणून बांबू. मृगाच्या सुमारास मुरारीच्या घरचा माणूस नारळ फोडून, शेंदूर लावून रपट्याच्या कडेने बांबू रोवतो. त्यातला मधला, वळणावरचा, सगळ्यात उंच. त्याला लाल फडके. काठावरून निघायचे ते नाकासमोर लाल फडक्याकडे चालत राहायचे, तिथे पोचले की वळायचे. त्याबद्दल धान निघाले की प्रत्येक घरचे सूपभर धान धीवरांच्या घरी येते. या व्यवहाराला दोन अटी आहेत. ज्याने बांबू रोवला त्याच्याशिवाय कोणी त्याला हात लावायचा नाही. आणि रोवणाऱ्याला काही कारणाने तो हलवावा लागलाच, तर दिवस मावळायच्या आत घरोघर जाऊन, प्रत्येक दारात उभे राहून तसे सांगायचे. पूर आला की वाट बंद. उतरला की रोवणारा स्वतः आधी चालून जातो, परत येतो आणि "वाट खुली" म्हणतो. मग गाव चालते. आजवर या नाल्यात म्हशी वाहून गेल्या, बंड्या गेल्या, एक फौजदारही थोडक्यात वाचला. पण बांबूच्या अलीकडून चालणारा माणूस कधी गेला नव्हता.

मुरारीने मधला बांबू सरकवला होता आणि एकाही दारात सांगितले नव्हते.

ते असे घडले. आणीबाणी उठून दोनेक वर्षे झाली होती. आमच्या भागाचे आमदार वारले होते, त्यामुळे पोटनिवडणूक लागली, आणि ती भर पावसाळ्यात लागली. एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला शिडी. पूरग्रस्त भागाला दोन्ही वस्तू उपयोगाच्या, असे लोक म्हणत. छत्रीचे उमेदवार हेमराजजी, तुमसरचे राइस मिलवाले. शिडीचे निंबार्ते वकील, भंडाऱ्याच्या कोर्टातले. पुराची बातमी लागली तेव्हा हेमराजजींची जीप आधी पोचली, कारण मिलमधून निघालेली जीप कोर्टातून निघालेल्या जीपच्या आधी पोचतेच. सोबत नागपूरच्या पेपरचा फोटोग्राफर होता.

त्या दिवशी रपट्यावर गुडघाभर पाणी होते. फोटोग्राफरने डोळा लावून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, यात काही दम नाही. सहलीला आल्यासारखे दिसता."

मग दम आणण्याचे काम सुरू झाले. शाळेच्या ओसरीत कोरड्या बसलेल्या गीताबाईला, म्हणजे मुरारीच्या आईला, वाचवण्यासाठी खाली पाण्यात आणण्यात आले. हेमराजजींनी तिला पाठुंगळी घेतले आणि रपट्याच्या कडेखाली, उतरत्या दगडांवर, कमरेइतक्या पाण्यात जाऊन ते उभे राहिले. दोन कार्यकर्ते चौकटीबाहेर वाकून त्यांचे धोतर धरून होते. पण मधला बांबू अलीकडे राहिला. म्हणजे गावचा रस्ता इकडे आणि उमेदवार मुद्दाम तिकडे, हे फोटोत उघड दिसत होते.

"बांबू फोटोत येऊन राहिला," धनीराम म्हणाला. "मुरारी, सरकव जरा. तिकडे मागं रोव. फोटो झाला का आन परत."

"सरपंचसाहेब, त्या बांबूले..."

"तूच रोवला ना? मंग तूच सरकव. दुसरं कोनी थोडीच हात लावून राहिलं!"

कायद्यात बसत होते. मुरारीने बांबू उपटला आणि साहेबांच्या पलीकडे, उतारावर रोवला. गावचे दुसरे कोणी नाल्यावर नव्हते, आणि साहेबांच्या पाठीवरची गीताबाई डोळे मिटून होती; पाण्याच्या आवाजात तिला काही ऐकू गेले नाही. फोटो निघाला. लगेच आभाळ फाटले. जीप पळाली, कार्यकर्ते पळाले, म्हातारी हेमराजजींच्या पाठीवरून उतरली ती मुरारीच्या पाठीवर बसली. पाहता पाहता नाला दुथडी झाला. दिवस मावळायच्या आत दारोदार सांगायचे होते, पण दारे कुठे होती? अर्धे गाव शाळेत, अर्धे माळ्यावर. उद्या पाणी उतरले की गुपचूप जागेवर रोवू, असे मुरारीने मनाशी ठरवले.

पाणी उतरायच्या आत पेपर आला.

पहिल्या पानावर फोटो. कमरेइतक्या पाण्यात हेमराजजी, पाठीवर गीताबाई, मागे दूरवर लाल फडक्याचा बांबू. खाली लिहिले होते: 'जिवाची पर्वा न करता'. कोणाच्या जिवाची ते लिहिले नव्हते. छत्रीवाल्यांनी पेपरचे गठ्ठे वाटले. भंडाऱ्याच्या 'वैनतीर' नावाच्या साप्ताहिकाने, जे शिडीवाल्यांचे होते, तोच फोटो छापून वर मथळा दिला: 'गुडघाभर पाण्यातले नाटक'. मग नागपूरच्या पेपरने पाणी कमरेइतकेच होते असा अग्रलेख लिहिला. पुरात पडलेल्या भिंतींचा उल्लेख दोन्हीकडे होता, पण जागेअभावी आत होता.

गावात तर भलतेच सुरू झाले. किराणावाला तुलाराम शिडीचा. तो आणि धनीराम साडू-साडू. दोघे एकमेकांच्या घरी जेवत, पण त्या आठवड्यापासून ताटावर बसून पेपर वाचू लागले.

"बांबूच्या अलीकडं गुडघ्यावर पानी कधीच नसते," तुलाराम म्हणे. "साऱ्या गावाले माहीत आहे. बांबू मागं दिसून राहिला. म्हंजे तुमचा साहेब अलीकडं. म्हंजे गुडघाभर. पाठीवर बुढी घेऊन वाकला आन कमर भिजवली. याले नाटक नाई तं काय म्हनते?"

"पुराचं पानी आहे, साडभाऊ. पुराले तुमचं गनित माहीत नसते."

"बांबूले तं माहीत असते!"

बांबू पुरावा झाला होता. आणि पुराव्याला कोणी हात लावू नये म्हणून दोन्ही बाजूंनी काठावर राखण बसली. छत्रीवाले म्हणत, शिडीवाले बांबू उथळात नेतील. शिडीवाले म्हणत, छत्रीवाले खोलात नेतील. पाऊस आला की चौघे राखणदार एकाच ताडपत्रीखाली सरकत आणि एकाच कट्ट्यातल्या बिड्या ओढत. पण नजर बांबूवर. तो आपल्या जागीच आहे याबद्दल त्यांच्यात तसूभर मतभेद नव्हता.

मुरारी डोंगी, म्हणजे आपली लहान होडी, घेऊन जाळी पाहायला जाई. एका सकाळी तो मुद्दाम बांबूजवळून गेला. राखणदार ओरडले, "ए, हात लावू नको!" हात लावला नाही. त्याने नुसता डोंगी रेटायचा वासा पाण्यात सोडला. जिथे त्या दिवशी हेमराजजी उभे होते, जिथे कमरेइतके पाणी आणि पायाखाली दगड होते, तिथे वासा गेला, आणखी गेला, मुरारीचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, आणि तरी वासा कशालाही टेकला नाही. फोटोच्या रात्रीच्या लोंढ्याने बाकीचे बांबू आणि कडेचे दगड उचलून नेले होते. कड तुटली होती. रपट्याच्या कडेशी, बांबूच्या बुडाशी डोह पडला होता. बांबू त्या डोहाच्या पलीकडच्या गाळात तिरपा रुतून उभा होता आणि वाऱ्यावर लाल फडके हलवून बोलावत होता.

मुरारीने डोंगी घाईघाईने वळवली. राखणदारांना वाटले, आपल्याला भ्याला.

एकच तोड होती: "वाट खुली" म्हणायचे नाही. तो म्हणत नव्हता. गाव डोंगीने ये-जा करत होते आणि कुरकुरत होते. पाणी तर गढूळ चहासारखे. आतले दगड काय आणि डोह काय, सारखेच दिसत.

तेवढ्यात निंबार्ते वकिलांचा निरोप आला.

तो तुलारामने शाळेच्या ओसरीत सगळ्यांदेखत सांगितला. येत्या सोमवारी वकीलसाहेब स्वतः रपट्यावरून चालत गावात येणार. काठापासून मधल्या बांबूपर्यंत. 'वैनतीर'चा फोटोग्राफर येणार, नागपूरच्या दुसऱ्या पेपरचाही. "आन ज्या बुढीले पाठीवर घेतलं होतं, तेच बुढी आपल्या पायानं साहेबांच्या सोबत चालन! बांबूले हात लावन! मंग पाहू कोनाची कमर भिजते तं!"

गीताबाई भिंतीला टेकून बसली होती. पेपरमधला तिचा फोटो कोणीतरी शाळेच्या फळ्यावर चिकटवला होता आणि तो पाहायला येणाऱ्यांना ती स्वतःच बोट लावून दाखवत असे. फोटोत तिचे डोळे मिटलेले होते, तेवढे तिला खटकत होते.

"चालतो ना," ती म्हणाली. "मले का भेव आहे? या नाल्यात माझे केस पांढरे झाले. आन या बारीनं डोये उघडे ठेवतो."

मुरारी उठून बाहेर गेला.

सखाबाई मागोमाग आली. नवऱ्याच्या पाठीवर तिने हात ठेवला. मग म्हणाली, "अवो, बांबू कुठं आहे?"

"आहे तिथंच आहे."

"तेच इचारून राहिलो मी. कुठं आहे?"

त्याने सांगितले. सगळे. वासा टेकला नाही हेही.

"सरपंचाले सांगा," ती म्हणाली. "त्यानंच सरकवाले लावला ना? त्याले सांगा."

धनीराम वाड्यातल्या धान साठवायच्या ढोलीपुढे बसून भिजलेले धान चाळत होता. मुरारीने उभ्या उभ्या सांगितले. धनीरामची चाळण थांबली.

"टेकलाच नाई?"

"नाई."

"मले वाटलं होतं, कंबरभर असन. वकील भिजन, आपला फोटो खरा ठरन." धनीरामने आजूबाजूला पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वकिलाले पोवता येते का रे?"

"मले का मालूम, साहेब?"

"भंडाऱ्याचा आहे. तिथं तलाव आहे. येत असन." पुन्हा चाळण हलू लागली. "हे पाय मुरारी. तू आता बांबू सरकवला म्हनशीन तं उद्या पेपरात काय येईन? छत्रीवाल्यांनी गावची वाट सरकवली. गाव तुले सोडन का? ज्याच्या घरी धान मोजून देल्लं, त्यानंच वाट बुडवली म्हनतीन. आन तुमाले मासे धराले तलाव देते त्या सोसायटीचा अध्यक्ष कोन आहे? मीच आहे. नत्थूची जाळी कशी जळाली, तुले मालूम आहे ना?"

नत्थू धीवर. मागच्या पंचायतीला त्याने शिडीचे काम केले होते. त्याची जाळी कशी जळाली हे कोणालाच मालूम नव्हते, म्हणजे सगळ्यांना मालूम होते.

"माझी माय चालून राहिली, साहेब."

"मंग तिले नको धाडू ना! बिमार पाड. तुयी माय आहे, येवढं तं आयकन?"

हे म्हणणाऱ्याला गीताबाई माहीत नव्हती.

मुरारीने आईला सांगून पाहिले. आधी म्हणाला, थंडी बाजन. मग म्हणाला, लोक हसतीन. शेवटी म्हणाला, "माय, तिथं पानी आहे."

"नाल्यात पानी नाई तं काय दूध राहाते?" ती म्हणाली. "बांबू आहे ना तुया? बांबू आहे तं वाट आहे. तुया बापानं रोवला, तुया बुढ्यानं रोवला. त्या बांबूपर्यंत चालाले मी भेलो, तं लोक का म्हनतीन? मुरारीच्या मायलेच मुरारीच्या बांबूचा भरोसा नाई?"

खरे त्याच्या जिभेवर आले होते. तेवढ्यात ओसरीत तुलाराम आला, आईसाठी कोरे लुगडे घेऊन, आणि त्याच्यामागे राखणदार. मुरारीने तोंड मिटले. तुलारामसमोर बोललेले संध्याकाळी भंडाऱ्यात पोचते आणि छापले जाते, हे आता सगळ्या गावाला कळले होते. छापले गेले की सोसायटी गेली, जाळी गेली आणि गावातली पत गेली. न छापले तर आई. तोलायला सोपे होते, पण तोंड उघडायला सोपे नव्हते. भ्यालेल्या माणसाला वाटते, अजून सोमवार यायचा आहे.

सोमवार आला.

आभाळ दाटलेले, पण पाऊस नाही. पलीकडच्या काठावर दोन जिपा, अलीकडे सगळे गाव. धनीरामची माणसे एका बाजूला, तुलारामची दुसऱ्या. दोघांचेही भोंगे. एक भोंगा 'छत्री' म्हणे, दुसरा 'शिडी', आणि मध्ये नाला आपला आवाज करत चालला होता, त्याला कोणी विचारत नव्हते. गीताबाईला डोंगीतून पलीकडे नेले होते, कारण तिने वकीलसाहेबांबरोबर तिकडून चालत यायचे होते. डोंगी मुरारीनेच वल्हवली. उतरताना त्याने तिचे मनगट धरले.

"माय, मीच पुढं चालतो. रोवणाऱ्यानं आधी चाला लागते. रीत आहे."

"हाव, रीत आहे," गीताबाई म्हणाली. "वकीलसाहेब, माया पोरगा पुढं चालन."

निंबार्ते वकील पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडत होते. गोरा, जाडसर, सभ्य माणूस. त्यांनी मुरारीकडे पाहिले आणि मग सोबत असलेल्या तुलारामकडे.

"हा त्यांचा माणूस ना? फोटोच्या दिवशी तिथे होता?"

"होता, साहेब. सरपंचाचाच आहे. वाट वाकडी नेईन."

"नको मग. आपण आणि आजी. बांबू दिसतो आहे, तो खोटं बोलणार नाही."

दोघांनी मुरारीला डोंगीत बसवून परत अलीकडे धाडले. काठावर पाय ठेवताच धनीरामच्या दोन माणसांनी त्याला दोन्ही दंडांना धरले. "चूप राय," एक जण कानात म्हणाला. त्याच्या तोंडाला बिडीचा वास येत होता.

वकीलसाहेब पाण्यात उतरले. एका हाताने गीताबाईचा हात धरलेला, दुसरा हात लोकांकडे. त्यांचा आवाज कोर्टात कमावलेला होता.

"घोटा!" ते ओरडले. "लोकहो, पाहा! घोटा!"

शिडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरे उघडले. गीताबाईने डोळे मोठ्ठे उघडे ठेवले होते आणि ती फोटोग्राफरकडे पाहत चालत होती, पायाकडे नाही.

"पोटरी! अजून पोटरी!"

लाल फडके हलत होते. दोघे नाकासमोर त्याच्याकडे येत होते. वळणाची जागा मुरारीला माहीत होती. तिथे पाणी किंचित वेगळे वळसे घेत होते. हे काठावरून त्यालाच दिसत होते आणि त्याला वाटत होते, आता तरी कोणाला दिसेल. कोणाला दिसत नव्हते. सगळे बांबू पाहत होते.

"गुडघा! बस! गुडघा!" वकीलसाहेब आनंदाने ओरडले. "हेमराजजी, कुठे आहे तुमची कंबर?"

हशा झाला. धनीराम पुढच्या ओळीत उभा होता आणि खाली मान घालून स्वतःच्या चपलेकडे पाहत होता.

सखाबाई गर्दीतून मुरारीकडे पाहत होती. पदर तोंडात धरला होता.

मुरारी दंड धरणाऱ्याच्या मनगटाला चावला. रक्ताची चव लागेपर्यंत चावला, दुसऱ्याला हिसडा दिला. मग तो पाण्यात होता आणि ओरडत होता, "माय, थांब! बांबू मी सरकवला! माय! वाट तिकडं नाई!"

काठावर ते सगळ्यांना ऐकू गेले आणि ज्याला जे हवे ते ऐकू गेले. शिडीवाले नाचू लागले, "कबूल! कबूल झाला!" छत्रीवाले ओरडू लागले, "विकला! विकल्या गेला!" दोन्ही भोंगे एकाच वेळी फुटले. ज्या एका बाईने ते ऐकायला हवे होते तिला त्यातले काही ऐकू गेले नाही. ती मुलगा काहीतरी ओरडतोय, कौतुकाने ओरडतोय, असे समजून हसली आणि पुढचे पाऊल टाकले.

रपट्याने धावत गेले तर उशीर होणार होता. मुरारी आडवा, खोलातून गेला. पाण्याने त्याला खाली ओढले, वर दिले, पुन्हा ओढले. डोहाच्या कडेला त्याचे डोके वर आले तेव्हा वकीलसाहेबांचा पुढचा पाय उचललेला होता. तो पाय खाली गेला आणि खाली काही नव्हते. वकीलसाहेब उभेच्या उभे खाली गेले. हात तेवढा वर राहिला, आणि त्या हातात गीताबाईचा हात होता. ती तोंडावर पाण्यात पडली.

मुरारीने आधी आईला धरले. हे नंतर पेपरांत बरेच चघळले गेले. तिला केसाला धरून त्याने मागे, रपट्याच्या दगडांवर ढकलले. तिचे गुडघे दगडाला लागले तसा त्याने बुडी मारली आणि वकीलसाहेबांची कॉलर पकडली. वकीलसाहेबांना पोहता येत नव्हते. त्यांनी मुरारीच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघे खाली गेले. काठावर पहिल्यांदाच दोन्ही भोंगे बंद पडले. फक्त नाला ऐकू येत होता. सखाबाई किंचाळली ती तेवढ्यात.

दोघे बांबूपाशी वर आले. मुरारीने बांबू धरला, तो उपटून आला, वाहायला लागला, आणि त्या बांबूच्याच आधाराने रपट्यावर धावत आलेल्या नत्थूने टाकलेल्या दोरापर्यंत ते पोचले. बांबू मग हातातून सुटला आणि लाल फडके हलवत वैनगंगेकडे निघून गेला.

रपट्यावर, गुडघाभर पाण्यात, गीताबाई बसली होती. कोरे लुगडे भिजून अंगाला चिकटले होते. मुरारी तिच्याजवळ आला तशी तिने त्याच्याकडे पाहिले. तिचे ओठ निळे होते.

"कवा सरकवला?" ती म्हणाली.

"फोटोच्या दिशी."

"दारोदार सांगितलं नाई?"

"नाई, माय."

तिला उठवताना त्याने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. नत्थूचा धरला.

त्या दिवशी मावळायच्या आत मुरारी प्रत्येक दारात उभा राहिला. "मधला बांबू नाई. वळणावर डोह पडला. कोनी चालू नका." काही दारांनी विचारले, "हे तू छत्रीकडून सांगून राहिला का शिडीकडून?" काही दारे लागलेलीच राहिली. धनीरामच्या दारात तो बोलला तेव्हा आतून फक्त चाळणीचा आवाज येत होता. मुरारीची जाळी जळाली ती त्याच आठवड्यात. कशी जळाली हे कोणालाच मालूम नाही.

पेपरांचे म्हणाल तर दोघांचेही समाधान झाले. छत्रीवाल्यांच्या पेपरने हात तेवढा वर असलेल्या वकीलसाहेबांचा फोटो छापला: 'पाणी गळ्याच्याही वर. वकिलांनी स्वतःच सिद्ध केले'. 'वैनतीर'ने बांबू घेऊन पोहणाऱ्या मुरारीचा: 'पुरावा नष्ट करताना छत्रीवाल्यांचा हस्तक'. गीताबाईचा फोटो कोणीच छापला नाही. तिचे डोळे या वेळी उघडे होते.

मुरारी नवा बांबू घेऊन गेला तेव्हा दोन्ही बाजूंनी अडवले. आता कुठे रोवणार, यावरच तर सगळे होते. तहसीलदार आले, दोन्ही बाजूंचे ऐकले, आणि मतदान होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा हुकूम देऊन गेले. नाल्याने तो मानला नाही, पण इतरांनी मानला.

आणि मतदान पलीकडच्या गावात होते. पिंपळटोलीला रपट्यावरून जाणे भाग होते. डोंगीच्या बुडाला कोणीतरी भोक पाडले होते.

म्हणून मतदानाच्या सकाळी मुरारी रपट्याच्या वळणावर, डोहाच्या अगदी कडेला, पाण्यात जाऊन उभा राहिला. डोक्याला लाल फडके बांधले. पायाखाली एका बाजूला दगड होते, दुसऱ्या बाजूला काही नव्हते. प्रवाह त्याला त्या काहीच नसलेल्या बाजूला रेटत होता आणि त्याने दगडांत पाय रोवले होते. पहिली गीताबाई उतरली. काठावर उभी राहून तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग नाकासमोर, त्याच्याकडे चालत आली, त्याच्याजवळ पोचली आणि वळली. तिच्यामागे सखाबाई, तिच्यामागे नत्थू, मग सगळे गाव, छत्री आणि शिडी एकामागोमाग एक. कोणी त्याच्याशी बोलले नाही. पण सगळे त्याच्यापाशी येऊनच वळत होते.

दुपारी पलीकडच्या काठावर जीप आली. पुरातही मतदान, असा फोटो हवा होता. फोटोग्राफरने डोळा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ए लाल फडकेवाले," तो ओरडला, "सरक ना बाबा जरासा! फोटोत येऊन राहिलास!"

मुरारी सरकला नाही.